मुंबई–लंडन: अंतर तेच, तास वेगळे

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावरून मोजलेली ही सर्वांत आखूड वाट, पण विमाने नेमकी तिच्यावरून क्वचितच जातात. खालच्या देशांनी आकाश खुले ठेवले आहे की नाही, यावर खरा मार्ग ठरतो. हे आजचे नाही.

३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडन–कराची सेवा सुरू केली. लंडनच्या क्रॉयडन विमानतळाहून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलपर्यंत विमान, तिथून इटलीतल्या जिनोआपर्यंत चक्क रेल्वे, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने अलेक्झांड्रिया आणि पुढे बगदादमार्गे कराची. असे सात दिवस लागत. रेल्वे मध्येच आली, कारण फ्रान्सच्या बाजूने हवाई मार्गे शिरायला इटलीची परवानगी नव्हती. मुंबई या साखळीला जोडली गेली १५ ऑक्टोबर १९३२ रोजी. त्या दिवशी जे. आर. डी. टाटांनी पुस मॉथ या छोट्या विमानातून कराचीची टपाल अहमदाबादमार्गे जुहूला आणली.

थेट सेवेची सुरुवात ८ जून १९४८ च्या रात्री झाली. एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान ३५ प्रवासी घेऊन निघाले आणि कैरो, जिनिव्हा करत १० जूनला लंडनला उतरले. आठवड्याचा प्रवास दीड दिवसावर आला. प्रत्येक थांबा मात्र वेळही खाई आणि धोकाही वाढवी. हेच विमान ३ नोव्हेंबर १९५० रोजी जिनिव्हाकडे येताना आल्प्समधल्या माँ ब्लां शिखरावर आदळले आणि ४८ जण दगावले. १९६० मध्ये बोइंग ७०७ हे जेट विमान आल्यावर वेग जवळपास दुप्पट झाला. थांबे पुढे गळत गेले.

आता वाऱ्याचा हिशेब. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर आणि समोरून सरासरी ५० किलोमीटरचा वारा धरला, तर ७,२०० किलोमीटरला ८ तास २८ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर ७ तास ३५ मिनिटे. वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेला वाहतात, म्हणून लंडनला जाताना जास्त वेळ लागतो, येताना कमी. यात चढण, उतरण, धावपट्टीपर्यंतची रांग आणि वळसे मिळवा. वेळापत्रकातली वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागी थांबेपर्यंतची असते, म्हणून जाताना तिथे साडेनऊ-दहा तास दिसतात.

वेळापत्रक वाचताना हमखास चूक होते ती घड्याळांची. दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६ ला पोहोचणारे विमान पाच तासांत जात नाही. दोन्ही वेळा स्थानिक असतात. लंडन उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. उन्हाळ्यात हा प्रवास साडेनऊ तासांचा झाला.

फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचे आकाश नागरी विमानांना बंद झाले आणि वाट दक्षिणेला सरकली. पाकिस्ताननेही फेब्रुवारी २०१९ पासून काही महिने आपले आकाश मिटले होते. त्याच देशाची एप्रिल २०२५ ची बंदी फक्त भारतीय विमानांवर आली, त्यामुळे एकाच मार्गावर भारतीय आणि परदेशी कंपन्यांचे तास वेगळे दिसू लागले. या बंदीत दिल्लीहून निघणाऱ्या भारतीय विमानांना आधी दक्षिणेकडे उतरून अरबी समुद्र गाठावा लागतो. मुंबई समुद्रावरच असल्याने तिचा वळसा त्या मानाने लहान. तिकिटे ताडून पाहताना म्हणूनच किलोमीटरपेक्षा त्या तारखेचे वेळापत्रक पाहावे, आणि लंडनला पुढचे विमान पकडायचे असेल तर हातात तासभर जास्त ठेवावा.