संपत्तिकर आणि कर्जरोखा: दोन्ही पैसे निगमकडेच जातात, मग फरक काय?

लोकमान्य नगरातल्या माझ्या आत्याने परवा दोन गोष्टी एकदम पुढ्यात ठेवल्या. एक इंदूर नगर निगमच्या, म्हणजे आपल्या महापालिकेच्या, झोन ऑफिसातून आणलेली संपत्तिकराची पावती, आणि दुसरा फोन. फोनवर बँकेचा मेसेज होता : कर्जरोख्यांच्या सहामाही व्याजाचे चारशेच्या वर काही रुपये जमा. "अरे, मी निगमला पैसे देते आणि निगम मला देतो. हा काय घोळ आहे?"

इंदूरमध्ये हा घोळ अनेकांचा होतो, कारण दोन्हीला आपण सरसकट 'जनतेचा पैसा' म्हणतो.

कर ही सक्ती आहे. भरला नाही तर वसुली लागते, भरला तर परत मिळत नाही, आणि 'माझ्या पैशाचं नेमकं काय केलंत' असं पावती दाखवून मागता येत नाही. तो सगळ्यांच्या हंडीत पडतो. पहाटेची झाडलोट, गल्लीतले दिवे त्यातून चालतात.

कर्जरोखा म्हणजे उसनवार. फेब्रुवारी 2023 मध्ये इंदूर निगमने सामान्य गुंतवणूकदारांसाठी 244 कोटींचे हरित, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे, कर्जरोखे काढले. रोखा 1000 रुपयांचा, किमान दहा घ्यायचे, व्याज 8.25 टक्के. प्रत्येक रोख्याचे 250 रुपयांचे चार भाग, ते 3, 5, 7 आणि 9 वर्षांनी परत. मागणी 122 कोटींच्या मूळ रकमेच्या जवळजवळ सहापट आली. आत्याने दहा हजार घातले. तिथे ती नागरिक म्हणून नव्हे, सावकार म्हणून उभी होती. देण्याची बळजबरी नव्हती, आणि परत मागण्याचा हक्क कागदावर होता.

आता खरा प्रश्न : निगमने कशासाठी कर लावावा आणि कशासाठी कर्ज काढावं? याचं उत्तर आत्याच्या हौदातच आहे. नर्मदेचं पाणी 1978 मध्ये इंदूरला आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून ते सुमारे 70 किलोमीटर येतं, तेही खोऱ्यातून माळव्याच्या पठारावर चढवून. नळ दिवसाआड का येईना, पंपांचं वीजबिल मात्र रोजचं, आणि ते निगमच्या तिजोरीला पडलेलं मोठं भगदाड आहे. रोख्यांचा पैसा जलूदच्या 60 मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी होता. असा प्रकल्प वीसेक वर्षं वीज देतो. त्याचा सगळा खर्च एका वर्षाच्या करातून काढला, तर बोजा आजच्या घरमालकांवर आणि फायदा पुढच्यांना. कर्ज काढलं, तर ज्या वर्षांत बिल वाचतं त्याच वर्षांत हप्ता फिटतो. हे मला पटतं, आणि असं मोठं, पुढे पुरणारं काम शहराने स्वतः अंगावर घेतलं पाहिजे यात मला शंका नाही.

पण हाच पैसा खड्डे बुजवायला किंवा पगार भागवायला वापरला, तर? डांबर दोन पावसाळ्यांत वाहून जाईल, हप्ते नवव्या वर्षापर्यंत राहतील. तिथे करच हवा, वाढवावा लागला तरी वाढवून, लोकांना तोंडावर सांगून.

आपल्या शहराला हा व्यवहार नवा नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले ते दान म्हणून नव्हे, 101 वर्षांच्या मुदतीचं कर्ज म्हणून, साडेचार टक्के व्याजाने. 1870 च्या आसपासची ही गोष्ट. दरबाराने इंग्रजांना पैसे दिले एवढंच ऐकलं तर नजराणा वाटतो. व्याजाचा दर कळला की व्यवहार कळतो.

एक गोष्ट मात्र मला खुपते. आत्याच्या खात्यात आलेलं ते व्याज निगम स्वतःच्या उत्पन्नातून देतो, आणि त्यात तिच्या स्वतःच्या करासकट शहरातल्या सगळ्यांचा कर आहे. आत्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी भाड्याच्या खोलीत राहतात. घरमालक कर भाड्यात धरतो, म्हणजे थोडंसं व्याज त्याही देतात. त्यांच्याकडे दहा हजार बाजूला टाकायला नव्हते, म्हणून रोखा नाही. त्यांना या कर्जातून मिळण्यासारखं एकच आहे, पाणी. आणि उन्हाळ्यात त्यांच्या वस्तीत अजून टँकर येतो.

हे सांगितल्यावर आत्या बराच वेळ पावती हातात धरून बसली. मग म्हणाली, "जलूदला बिल किती वाचलं आणि वाचलेल्यातून कुठल्या वस्तीत नळ गेला, ते पार्षदांना, म्हणजे आपल्या नगरसेवकांना, विचारायचं. तू लिहून दे, सही मी करते." अर्ज मी त्याच संध्याकाळी लिहिला, तिच्या सहीखाली मावशींचीही सही आहे.