प्रश्नमंजूषा स्पर्धेसाठी बझर यंत्रणेची निवड

प्रश्नमंजूषेत सर्वांत आधी कळ कोणी दाबली हे ठरवून त्याच क्षणी बाकीच्या कळा बंद करणाऱ्या साधनाला बझर यंत्रणा म्हणतात. दिवा आणि आवाज ही तिची दिसणारी बाजू. खरे काम ‘लॉकआउट’चे, म्हणजे पहिली नोंद झाल्यावर दुसरी होऊ न देण्याचे. लॉकआउट नसेल तर ती नुसती घंटी. काही शाळांच्या गॅदरिंगमध्ये प्रत्येक टेबलावर दारावरची बेल लावून काम भागवतात. दोन बेल एकदम वाजल्या की निवाडा क्विझमास्तरच्या कानावर येतो, आणि तिथेच वाद सुरू होतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्या बटणात २३० व्होल्टची वीज असते. मुलांच्या हातात जाणारी कळ १२ व्होल्ट किंवा त्याखालीच चालली पाहिजे, यात तडजोड नाही.

यंत्र निवडण्याआधी स्पर्धेचे नियम समोर ठेवावेत, कारण नियम बदलला की यंत्र बदलते. अमेरिकेत १९५३ साली रेडिओवर सुरू झालेल्या ‘कॉलेज बोल’ या क्विझ कार्यक्रमाच्या वळणाने तिथले शालेय क्विझ चालते. दोन संघ, प्रत्येकी चार खेळाडू, प्रश्न वाचला जात असतानाच कळ दाबण्याची मुभा. सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर एकट्याने, संघाशी न बोलता द्यायचे असते. त्यामुळे प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र कळ आणि स्वतंत्र दिवा लागतो. नुसता ‘डावा संघ’ दाखवणारा दिवा तिथे निरुपयोगी. आपल्याकडच्या आंतरशालेय स्पर्धांत बहुधा मंचावर सहा ते आठ संघ असतात, उत्तर संघाचे असते आणि टेबलामागे एकच कळ पुरते. म्हणजे आठ चॅनेलची, अर्थात आठ कळा जोडता येणारी पेटी दोन्हीकडे चालते, फरक तारांच्या मांडणीत पडतो. प्रश्न पूर्ण होईपर्यंत कळ चालू नये असा नियम असेल, तर क्विझमास्तरकडे ‘आर्म’ करण्याचे, म्हणजे कळा चालू करण्याचे बटण असलेले यंत्र घ्यावे. ‘जेपर्डी’ या दूरचित्रवाणी खेळात घाई करणाऱ्याची कळ पाव सेकंद बंद राहते. शाळेत एवढे काटेकोर नको, पण लवकर दाबलेली कळ निदान वेगळ्या रंगात दिसावी.

चर्चच्या बायबल क्विझची एक तऱ्हा यापेक्षा अगदी वेगळी आहे. अमेरिकेतील अनेक पंथांच्या तरुण संघांत मुले कळ दाबत नाहीत, खुर्चीवरून उठतात. बैठकीवर स्विच असलेली पातळ गादी असते. बसल्यावर स्विच मिटलेला राहतो आणि उठताच उघडतो, म्हणजे हातातल्या कळेच्या बरोबर उलट. साध्या पेटीला अशी गादी जोडली, तर सगळे बसल्याबसल्याच बझर वाजतो. म्हणून घेताना पेटी दोन्ही प्रकार स्वीकारते का, हे विचारून घ्यावे. हलक्या अंगाच्या मुलाने गादी नीट दाबली जात नाही आणि तो नुसता चुळबुळला तरी दिवा लागतो. मऊ कुशनच्या खुर्चीवर हा त्रास वाढतो; गादीखाली सपाट प्लायवूड टाकला की बराच कमी होतो. चाकाच्या खुर्चीवरील स्पर्धकासाठी त्या चॅनेलवर हातातली कळ जोडता आली पाहिजे. संडेस्कूलची स्पर्धा वर्षातून एकदाच होणार असेल, तर गाद्यांच्या वाटेला जाऊ नये. हातातल्या कळा स्वस्त पडतात, टिकतात आणि शाळेलाही उसन्या देता येतात.

लॉकआउट कसे होते

जुन्या पद्धतीत रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच वापरतात. प्रत्येक संघाचा रिले ओढला गेला की तो इतरांचा पुरवठा तोडतो. रिले हलायला पाच ते पंधरा मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात दुसरी कळ दाबली गेली, तर दोन दिवे एकदम लागतात. दोन तयार स्पर्धकांत इतका बारीक फरक नेहमी पडतो. ७४एलएस३७३ किंवा सीडी ४०४२ यांसारख्या लॅच आयसीवर (आलेली स्थिती धरून ठेवणाऱ्या चिपवर) बांधलेले मंडल हेच काम एका मायक्रोसेकंदाच्या आत करते. पहिली कळ आली की लॅच गोठतो आणि रीसेट होईपर्यंत तसाच राहतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत त्याचे सुटे भाग मिळतात, आणि अकरावीच्या विद्यार्थ्यांकडून ते नीट बांधून होते.

आर्डुइनो या प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर केलेली यंत्रणाही उत्तम चालते, पण तिच्यात एक चूक वारंवार होते. कळ थरथरते, म्हणजे दाबताना तिचा स्पर्श क्षणभर जुळतो-तुटतो, म्हणून प्रोग्रॅममध्ये ५० मिलिसेकंदांचा ‘डिले’ (थांबा) टाकला जातो. त्या डिलेच्या काळात तिघांनी कळ दाबली, तर यंत्राला तिघे एकदमच दिसतात, आणि प्रोग्रॅम क्रमाने तपासत असल्याने नंबर लागतो तो सगळ्यांत आधी तपासल्या जाणाऱ्या चॅनेलचा. पहिल्या टेबलावरचा संघ ‘नशीबवान’ ठरतो तो यामुळे. खरे तर इथे थरथर गाळण्याची गरजच नसते, कारण पहिला स्पर्श झाला की निकाल लागलेला असतो. डिले काढावा आणि सगळी पोर्ट, म्हणजे सगळ्या कळांची स्थिती, एका वाचनात घ्यावी.

तार आणि कळ

तक्रारी पेटीपेक्षा तारेमुळे जास्त येतात. मंचावर आठ टेबले अर्धवर्तुळात मांडली की दूरच्या टेबलाला १५ ते २० मीटर तार सहज लागते. नेटवर्कच्या कॅट-५ केबलमध्ये एवढ्या अंतराचा जाण्यायेण्याचा रोध चार ओमही नसतो. त्याची काळजी नको. त्रास होतो तो लांब तारेने पकडलेल्या गोंगाटाचा. शेजारून ध्वनिक्षेपकाची वायर गेली, पंखा बंद केला, की कोणी हात न लावता दिवा लागतो. आर्डुइनोच्या आतला पुल-अप (कळ न दाबता तार ठरलेल्या व्होल्टवर धरून ठेवणारा रोधक) २० ते ५० किलोओमचा, म्हणजे यासाठी फार दुबळा. प्रत्येक चॅनेलला बाहेरून १ ते २.२ किलोओमचा रोधक पुल-अप म्हणून लावावा आणि पेटीपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडावा. या दोन भागांनी बहुतेक भुते पळतात.

प्रत्येक कळेची तार वेगळी पेटीपर्यंत आणावी. एका कळेतून दुसरीत माळ ओवल्यासारखी जोडणी केली तर तारा कमी लागतात, पण मधला एक जोड सुटला की पुढची सगळी बाजू मुकी होते. हेडफोनची ३.५ मिमी पिन टाळावी. घालता-काढताना तिचे भाग एकमेकांना टेकतात आणि खोटी नोंद होते. नेटवर्क केबलचा आरजे-४५ प्लग स्वस्त आहे, मात्र त्याची प्लॅस्टिकची जीभ तुटते आणि प्लग सैल पडतो. माइकला वापरतात तो एक्सएलआर महाग, पण वर्षानुवर्षे टिकतो.

कळ हातात धरून पाहिल्याशिवाय घेऊ नये. १०० मिमीची मोठी घुमटी दिसायला छान, पण तिच्या कडेवर थाप पडली तर घुमटी कलते आणि खालचा मायक्रोस्विच लागतच नाही. स्पर्धक शपथेवर सांगतो की मी आधी दाबले, आणि तो खरे बोलत असतो. ३० किंवा ६० मिमीचे आर्केड (व्हिडिओ गेमच्या यंत्रावरचे) बटण लाकडी ठोकळ्यात बसवून खाली रबरी पाय लावले, की सरकतही नाही आणि चुकतही नाही. अंगठ्याने दाबायच्या नळीसारख्या कळेत तार तुटते ती जिथे आत शिरते तिथे. वरचे आवरण शाबूत असल्याने ते दिसत नाही. ती जागा बोटांत वळवत कळ दाबून धरावी. दिवा फडफडला तर तार गेली.

वायरलेस

४३३ मेगाहर्ट्झच्या साध्या रिमोटवर केलेले बझर स्पर्धेला घेऊ नयेत. एक संदेश पोहोचायला कित्येक मिलिसेकंद जातात, आणि दोन रिमोट एकदम दाबले की संदेश एकमेकांना बिघडवतात. मग नंबर लागतो तो जवळ बसलेल्याचा किंवा जास्त वेळ दाबून धरणाऱ्याचा. प्रत्येक कळ स्वतःच्या घड्याळावर दाबल्याची वेळ नोंदवून पाठवते, अशीच वायरलेस यंत्रणा न्याय्य. अमेरिकेतून नातेवाइकांकरवी मागवताना दोन गोष्टी पाहाव्यात. तिथले काही संच ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात आणि तो पट्टा भारतात विनापरवाना खुला नाही. फक्त १२० व्होल्टचा अडॅप्टर आपल्या सॉकेटमध्ये घातला तर लगेच जळतो. मोबाइलवरचे बझर ॲप सरावाला ठीक. निकाल मात्र हॉलच्या वायफायवर अवलंबून राहतो.

वीज जाण्याची सोय हवीच. पॉवर बँक लावताना एक अडचण लक्षात ठेवावी: यंत्र फार कमी प्रवाह घेत असेल, तर बऱ्याच पॉवर बँका काही वेळाने आपोआप बंद होतात, आणि ते कळते ऐन फेरीत. एकदा तासभर चालवून पाहावे.

घेण्याआधी आणि स्पर्धेच्या दिवशी

दुकानातच एक कळ दाबून धरावी आणि रीसेट करावे. तीच कळ लगेच पुन्हा नोंदली गेली तर यंत्र परत द्यावे, कारण कळ दाबून बसणारा स्पर्धक त्यावर प्रत्येक वेळी जिंकेल. मग दोन कळा शेजारी ठेवून एका पट्टीने २० वेळा एकत्र दाबाव्यात. एकच कळ सतत जिंकत असेल तर दोघींचे प्लग अदलाबदल करावेत. विजय कळेबरोबर गेला तर दोष कळेत, चॅनेलवर राहिला तर पेटीत. तीन-चार सेकंदांनी आपोआप होणारे रीसेट बंद करता यावे. गुणलेखकाने दिवा पाहण्याआधीच तो विझला तर पुरावा उरत नाही. रीसेटचे बटण खोलगट असावे, म्हणजे कागद ठेवताना दाबले जाणार नाही. आवाज एका सेकंदात थांबावा आणि पेटी क्विझमास्तरच्या माइकजवळ असावी, म्हणजे वेगळी वायर न ओढता तो हॉलभर ऐकू जातो.

तारा सतरंजीखालून नेऊ नयेत. खुर्चीचा पाय नेमका त्यांवरच येतो. टेबलाच्या पायाला बांधून, मंचाच्या मागच्या कडेने टेप लावत न्याव्यात. फेरी सुरू होण्याआधी प्रत्येक संघाकडून कळ दाबून घ्यावी, आणि चहाच्या सुट्टीनंतर हे पुन्हा करावे, कारण खुर्च्या सरकतात त्या तेव्हाच. दोन जादा कळा, एक जादा लांब तार, नवी बॅटरी आणि स्क्रू ड्रायव्हर क्विझमास्तरच्या टेबलाखाली असू द्यावा. एखादी कळ बिघडली तर झालेला प्रश्न रद्द करून राखीव प्रश्न घ्यायचा, हे स्पर्धेआधीच सर्व संघांना सांगून ठेवावे.