लूप मिटला, पण चुंबकत्व गेलं का?

थंड ठेवलेल्या तांब्याच्या स्फटिकाच्या (१००) पृष्ठभागावर (हे आकडे स्फटिक कोणत्या दिशेने कापला ते सांगतात) लोहाचे चार-पाच अणुथर चढवले होते. लेझर जवळजवळ सरळ वरून सोडला होता. चुंबकीय क्षेत्र उलटसुलट करत चुंबकन (नमुना किती आणि कुठल्या दिशेने चुंबकित आहे ते) लेझरने मोजलं की आलेखावर जो बंद वळसा उमटतो, तो लूप. तो मस्त चौकोनी येत होता. नमुना हळूहळू तापवला, लूप आकसत गेला आणि शेवटी सपाट रेघ उरली. मी वहीत लिहिलं, 'क्युरी तापमान'. गाईडनी वही पाहिली आणि एवढंच विचारलं, "क्षेत्र आडवं लावून बघितलंस?" बघितलं नव्हतं.

घोळ दोन गोष्टींचा असतो. एकीत चुंबकत्वच मोडतं: अणूंच्या चुंबकी सुया उष्णतेने अस्ताव्यस्त होतात. हे क्युरी तापमान. दुसरीत सुया एकजूटच राहतात, फक्त उभ्याच्या आडव्या होतात, म्हणजे पृष्ठभागाला लंब असलेलं चुंबकन पृष्ठभागातच झोपतं. हे दिशापालट.

शाळेची कवायत आठवा. तुम्ही समोर उभे राहून तोंडं मोजताय आणि त्यातून पाठमोरे वजा करताय. 'दाहिने मुड' झालं की हिशोब शून्य. 'विसर्जन' झालं तरी शून्यच. आमचा लेझर असाच समोर उभा होता. केर परिणामात चुंबकित पृष्ठभागावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण (त्याच्या कंपनाची दिशा) किंचित फिरतं, पण वरून सोडलेल्या प्रकाशाला मुख्यतः लंब घटकच दिसतो. आडवा घटक बघायचा तर प्रकाश तिरका सोडून चुंबकीय क्षेत्रही पृष्ठभागाला समांतर लावावं लागतं. त्यातला संकेत बराच क्षीण असतो, म्हणून आळस करून लोक तो टाळतात. (अनुभवाचे बोल.)

सुया मुळात उभ्या का राहतात? सपाट चकती चुंबकित करायची तर ऊर्जेच्या हिशोबात आडवी करणं स्वस्त, कारण उभी केली की दोन्ही पृष्ठांवर ध्रुव उघडे पडतात. पण पृष्ठभागावरच्या अणूला वरच्या बाजूला शेजारीच नसतो, आणि त्या तुटलेल्या सममितीमुळे त्याला एखादी दिशा जास्त आवडू शकते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेएल यांनी १९५४ मध्येच हे मांडलं होतं. तांब्यावरच्या पातळ लोहात ही आवड उभ्या दिशेची आहे. तापवलं की आडवं ओढणारी आणि उभं धरणारी, दोन्ही बाजू दुबळ्या होतात, पण पृष्ठभागाची आवड जास्त वेगाने ओसरते आणि चुंबकन आडवं होतं. पप्पास, केम्पर आणि हॉप्स्टर यांनी १९९० मध्ये ही पालट दाखवली. ती उलटसुलट होते: थंड केलं की सुया पुन्हा उभ्या.

दोन्ही ओळखायची माझी आवडती कसोटी जाडीची आहे. थर वाढवले की क्युरी तापमान चढतं, कारण प्रत्येक अणूला साथ देणारे शेजारी वाढतात. तांब्यावरच्या लोहात दिशापालटाचं तापमान मात्र उतरतं, कारण पृष्ठभागाची तेवढीच आवड आता जास्त थरांत वाटली जाते. नमुना पाचरीसारखा एका बाजूला जाड केला तर एकाच स्फटिकावर हे दोन कल दिसतात. क्षेत्र वाढवूनही फरक कळतो. पालटीच्या जवळ लंब लूप तिरका होतो, पण पुरेशा क्षेत्रात चुंबकन पुन्हा भरून उभं राहतं. क्युरीच्या बऱ्याच वर गेल्यावर प्रयोगशाळेतल्या क्षेत्राला तसं काही जमत नाही.

आता खरी गंमत. पालटीच्या आसपास एक पट्टा असा येतो, जिथे क्षेत्र काढून घेतलं की उभं आणि आडवं, दोन्हीकडे काहीच उरत नाही. इथे कुणीही 'विसर्जन' म्हणेल. अॅलनस्पाक आणि बिशॉफ यांनी १९९२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने थेट पृष्ठभाग पाहिला, तेव्हा पट्टेरी प्रदेश दिसले: एका पट्ट्यात चुंबकन वर, शेजारच्यात खाली. कवायतीतली एक रांग तुमच्याकडे तोंड करून, पुढची पाठमोरी. बेरीज शून्य, पण एकही मुलगा जागचा हललेला नाही.

पालट नेहमी उभ्याकडून आडव्याकडेच होते, असंही धरून चालू नका. तांब्यावर निकेल चढवलं तर पातळ थर आडवे असतात आणि सात ते दहा थरांच्या आसपास उभे होतात. निकेलच्या अणूंची जाळी तांब्याच्या अणूंच्या जाळीवर बसण्यासाठी सुमारे अडीच टक्के ताणली जाते, आणि तो ताण प्रत्येक थराला उभं करू पाहतो. इथे थर वाढले की उभं करणारी ताकदही वाढते. आणखी बरेच थर चढल्यावर ताण सैलावतो आणि चुंबकन पुन्हा आडवं होतं.

माझ्या नमुन्याचं काय झालं? आडवं लावलं, बारीकसा लूप सापडला. पण त्या खुशीत मी तो जरा जास्तच तापवला. दुसऱ्या दिवशी थंड केला तर चौकोनी लूप परत आलाच नाही. वहीतलं 'क्युरी तापमान' खोडून मी 'दिशापालट' लिहिलं होतं, आता तेही खोडून लिहिलं, 'तांबं लोहात मिसळलं.'