पोतोसी

बोलिव्हियाच्या अँडीज पर्वतातील शहर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मी. उंचीवर. शहराला लागून ‘सेरो रिको’ म्हणजे ‘श्रीमंत डोंगर’ आहे. त्यात चांदी असल्याचे १५४५ मध्ये स्पॅनिश लोकांना कळले. ती प्रथम दिएगो वाल्पा या स्थानिकाला दिसली, असे सांगतात. झुडूप उपटताना मुळाशी सापडली की शेकोटीखाली वितळली, याबाबत मात्र कथा जुळत नाहीत.

वरची सकस धातुके, म्हणजे चांदी असलेले दगड, संपल्यावर पेरूचा व्हाइसरॉय, म्हणजे स्पेनच्या राजाचा प्रतिनिधी, फ्रान्सिस्को दे तोलेदो याने १५७० च्या दशकात दोन गोष्टी केल्या. पहिली, पाऱ्याचा वापर. दळलेल्या धातुकात पेरूतील वांकाव्हेलिकाहून आणलेला पारा घालून ते मिश्रण मजूर पायांनी तुडवत. चांदी पाऱ्याला धरी, मग तापवून पारा उडवत. दुसरी गोष्ट ‘मिता’. स्पॅनिश येण्यापूर्वीच्या इंका राज्यात पाळीपाळीने राजाचे काम करण्याची प्रथा होतीच. तोलेदोने तिची वेठ केली. सोळा प्रांतांतील प्रौढ पुरुषांपैकी दर सातांतला एक वर्षभर डोंगरावर, म्हणजे दरवर्षी सुमारे १३,००० माणसे. मजुरी मिळे, पण त्यात पोट भरत नसे. पाठीवर सुमारे २५ किलो धातुक घेऊन मजूर चामड्याच्या दोरांच्या शिड्या चढत. पुढच्याच्या हाताच्या अंगठ्याला मेणबत्ती बांधलेली असे, कारण दोन्ही हात शिडीला लागत. भूक आणि दमणूक मारायला गालात कोकाची पाने. पाळी टाळायला लोक गावे सोडून पळत. मागे उरलेल्यांवर बोजा वाढे. ही वेठ कागदोपत्री १८१२ मध्ये बंद झाली.

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इथली वस्ती दीड लाखांच्या घरात होती, असा अंदाज आहे. इतक्या उंचीवर, जिथे धड पीक येत नाही! इथल्या टांकसाळीत पाडलेली आठ रियालची स्पॅनिश चांदीची नाणी पनामामार्गे स्पेनला जात. मेक्सिकोच्या नाण्यांबरोबर ती लिस्बनहून गोव्याला मिऱ्याच्या खरेदीसाठीही येत. सुरतेच्या मुघल टांकसाळीत असली परदेशी चांदी वितळवून रुपये पाडले जात. स्पॅनिशमध्ये अमाप किमतीच्या वस्तूला अजूनही ‘एका पोतोसीएवढी’ म्हणतात.

शहर १९८७ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पोखरलेला माथा खचू लागल्याने २०१४ मध्ये त्याची गणना धोक्यातील वारशांत झाली. खाणकाम थांबलेले नाही. आता जस्त, कथील आणि थोडी चांदी निघते. खाणीत शिंगे असलेली ‘तिओ’ची, म्हणजे ‘काका’ची मूर्ती असते. कामगार तिच्या तोंडात पेटती सिगारेट ठेवतात, पुढ्यात कोकाची पाने आणि दारू ठेवतात आणि मग कामाला लागतात.