सोपाऱ्याचा स्तूप

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील नालासोपारा येथील प्राचीन विटांचा बौद्ध स्तूप. प्राचीन शूर्पारक, म्हणजेच सोपारा, हे अपरांताचे, म्हणजे उत्तर कोकणाचे, मोठे बंदर होते. येथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने भिक्खू झाल्यावर बुद्धासाठी चंदनाचा विहार बांधविला, अशी कथा ‘दिव्यावदान’ या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात आहे. तिला पुराव्याचा आधार नाही. पण सोपाऱ्याच्या, धम्मोत्तरीय या बौद्ध पंथाच्या एका भाणकाने (ग्रंथपाठ करणाऱ्या भिक्खूने) कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभ दिल्याचे तिथला लेखच सांगतो. येथे बौद्ध संघ नांदता होता हे त्यावरून नक्की कळते.

पुढे बंदर गाळाने भरले, बौद्ध वस्ती संपली आणि स्तूपाचे टेकाड झाले. गावकरी त्याला ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये हे टेकाड माथ्यापासून खाली खणविले. मधोमध विटांची कोठडी आणि तिच्यात दोन भागांची गोल दगडी पेटी लागली. पेटीच्या मध्यभागी तांब्याचा करंडा व त्याभोवती कडे करून मांडलेल्या आठ धातुमूर्ती होत्या: गौतमासह सात बुद्ध आणि आठवा भावी बुद्ध मैत्रेय. तांब्याच्या करंड्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडा होता. सोन्याच्या करंड्यात सोन्याची फुले आणि मातीच्या भांड्याचे 13 तुकडे निघाले. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे असावेत, असे भगवानलाल यांचे मत होते. ते सिद्ध करता येण्याजोगे नाही, परंतु ठेवणाऱ्यांची श्रद्धा तीच असावी. एरवी खापरांसाठी एवढे सोने कोण खर्च करील?

खरा पेच कालनिर्णयाचा आहे. पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले, म्हणजे इ.स.च्या दुसऱ्या शतकाची खूण. मूर्ती मात्र शैलीवरून आठव्या-नवव्या शतकांतील ठरतात. तेव्हा कोणीतरी स्तूप उघडून मूर्ती आत ठेवल्या व तो पुन्हा बंद केला, असे मानावे लागते. हे चोराचे काम नव्हे. चोराने सोने सोडले नसते. सातवाहनांनंतर कित्येक शतके येथे पूजा चालू होती, याचा हा पुरावा करंड्यांइतकाच मोलाचा आहे.

त्याच वर्षी भगवानलाल यांना गावात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सापडला. मृगयेच्या सहली सोडून अशोक धर्मयात्रेला निघाला, हा त्या लेखाचा विषय. नवव्या लेखाचा तुकडा 1956 मध्ये जवळच्या भुईगावात ना. आ. गोरे यांना मिळाला.

पेटी, करंडे व मूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत. मूळ जागी विटांचा अवशिष्ट स्तूप असून तो भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे.