क्रोमियम चुन्याला दाद देत नाही

केळीच्या सालीने कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध होतं, अशी बातमी अधूनमधून फिरत असते. साली धातू शोषतात, हे खरं. पण धातूने भरलेल्या त्या सालींचं पुढे काय करायचं, याबद्दल बातमी गप्प असते. क्रोमियम किंवा निकेल ही मूलद्रव्यं आहेत. ती कुजत नाहीत, जळून संपत नाहीत. असं पाणी उकळलं, तर वाफ उडून जाते आणि उरलेल्या पाण्यात धातूचं प्रमाण वाढतं.

क्रोम प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर क्रोमियमचा मुलामा देणाऱ्या शॉपमधलं धुण्याचं पाणी पिवळं असतं. हा रंग षट्‌संयुजी, म्हणजे सहा इलेक्ट्रॉन गमावलेल्या क्रोमियमचा. ते कर्करोगकारक आहे, आणि नदीनाल्यात सोडायच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला फक्त 0.1 मिलिग्रॅम आहे. बहुतेक धातू चुना टाकला की हायड्रॉक्साइड होऊन तळाशी बसतात. हे क्रोमियम मात्र बसत नाही, कारण ते क्रोमेट या ऋणभारित रूपात असतं आणि चुन्यातून येणारा हायड्रॉक्सिल (OH) हा गटही ऋणभारितच.

म्हणून आधी आम्ल घालून पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं पाणी आम्लधर्मी) 2-3 वर आणायचा आणि इलेक्ट्रॉन देणारं सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं. प्रत्येक क्रोमियमला तीन इलेक्ट्रॉन मिळतात, ते त्रिसंयुजी आणि धनभारित होतं, पिवळं पाणी हिरवट दिसू लागतं. आता चुना किंवा कॉस्टिक सोडा चालतो.

मला सगळ्यात आवडतं ते इथलं गणित. पीएच 1 ने वाढला की हायड्रॉक्सिल दहापट होतात. एका क्रोमियमला तीन हायड्रॉक्सिल लागतात, म्हणजे 10 × 10 × 10: पाण्यात विरघळून राहू शकणारं मुक्त त्रिसंयुजी क्रोमियम थेट हजारपट घटतं! दोन हायड्रॉक्सिल लागणारं निकेल शंभरपटच घटतं, आणि त्याला पीएच 10 च्या आसपास न्यावं लागतं. क्रोमियमला 8 च्या जवळपास पुरतं. त्याच्या बरंच वर गेलं, तर चौथा हायड्रॉक्सिल चिकटतो, सगळा समूह ऋणभारित होतो आणि बसलेलं क्रोमियम पुन्हा विरघळू लागतं. त्यामुळे दोन्ही धातूंची पाणी एकाच टाकीत ओतून एकाच पीएचवर भागवणं ही चुकीची काटकसर आहे. ईटीपीत, म्हणजे कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया यंत्रणेत, ती वेगळी हाताळावीत.

उरलेला गाळ तळोजा, रांजणगावसारख्या घातक कचऱ्याच्या केंद्रांतच जायला हवा. तो भट्टीत जाळणं धोक्याचं आहे: चुन्यासोबत हवेत तापवलं की हेच क्रोमियम पुन्हा षट्‌संयुजी होऊ शकतं.