पेंढा गाडायचा की पांघरायचा?

ऑक्टोबर सरत आला की दिल्लीच्या धुराच्या बातम्या सुरू होतात, आणि चर्चेत कुणीतरी हमखास विचारतं, "पंजाबातले शेतकरी भाताचा पेंढा जाळण्यापेक्षा मातीत का गाडत नाहीत? फुकटचं खत आहे!" खत आहे, हे खरं. पण गव्हाच्या पेरणीच्या तोंडावर ताजा पेंढा गाडला तर गहू पिवळा पडतो. तो का पडतो हे उमगलं की नांगर न लावता गहू पेरण्यातली खुबी कळते.

आधी घाई कशाची ते पाहू. भूजल वाचवण्यासाठी पंजाबात २००९ साली कायदा झाला आणि भाताची लावणी जूनमध्ये पुढे सरकली. साहजिकच कापणीही लांबली. गहू मात्र नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेला बरा, नाहीतर दाणा भरताना मार्चचं ऊन त्याला गाठतं. मधे उरतात दोन-तीन आठवडे, आणि कापणी-मळणीचं यंत्र (कंबाईन) फिरून गेलेल्या रानात हेक्टरी सहा-सात टन पेंढा. काडी ओढली की रान मोकळं, एवढा साधा हिशेब त्यामागे असतो.

खरा हिशेब नत्राचा, म्हणजे नायट्रोजनचा आहे. एक टन भाताच्या पेंढ्यात साधारण ४०० किलो कार्बन असतो आणि नत्र जेमतेम साडेपाच किलो, म्हणजे सत्तरास एक. पेंढा कुजवणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात हे प्रमाण आठास एकच्या आसपास असतं. खाल्लेल्या कार्बनपैकी दोन तृतीयांश ते श्वासावाटे सोडतात असं धरलं, तर उरलेल्या १३३ किलो कार्बनमधून शरीर बांधायला त्यांना सोळा-सतरा किलो नत्र लागेल. पेंढ्यात आहे साडेपाच. पंगतीत भाताचा डोंगर आणि आमटी वाटीभर, अशी गत. उरलेलं अकरा किलो नत्र ते मातीतून ओढतात, आणि ते तुम्ही गव्हासाठी टाकलेलं असतं. सहा टनांना ६६ किलो. गव्हाला हेक्टरी १२० किलोच्या आसपास नत्र देतात, त्याच्या निम्म्याहून जास्त! सगळा पेंढा काही एका हंगामात खाल्ला जात नाही, त्यामुळे प्रत्यक्षात वजावट कमी असते. पण फुटवे फुटायच्या ऐन वेळी ती पडते. नत्र नाहीसं होत नाही. जिवाणू मेले की परत मिळतं, फक्त गव्हाच्या सोयीनं नाही.

हाच पेंढा वर पसरून ठेवला तर गणित पालटतं. कुजवणारी मंडळी मातीत, आणि जेवण छपरावर. मातीला टेकलेल्या काड्या तेवढ्या कुजतात. वरच्या काड्या पहाटे दंवानं भिजतात आणि दुपारी वाळतात. त्यात डिसेंबर-जानेवारीची पंजाबी थंडी. कुजणं इतकं रेंगाळतं की नत्राची ओढाताण फारशी होत नाही. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठानं ऑस्ट्रेलियन संशोधकांबरोबर विकसित केलेलं 'हॅपी सीडर' हे यंत्र नेमकं हेच साधतं: फणापुढचा पेंढा फिरत्या पात्यांनी बाजूला करतं, चिरीत बी आणि डीएपी हे नत्र-स्फुरदाचं खत सोडतं, आणि पेंढा पेरलेल्या जमिनीवरच पांघरतं. ओल टिकते, तणही कमी उगवतं.

पण इथे दुसरा चोर असतो. युरिया या पांघरुणावर फेकला तर तो हवेत उडून जातो. युरियाचं विघटन करणारं युरिएज हे विकर (एन्झाइम) मातीपेक्षा काडीकचऱ्यावर जास्त असतं. ओलसर काडीवर दाणा पडला की त्याचं अमोनियम कार्बोनेट होतं, दाण्याभोवतीचा सामू (पीएच) आठाच्या वर चढतो, आणि त्या सामूला अमोनियमचा अमोनिया वायू होऊन निसटतो. मातीत असता तर धनभारित अमोनियम चिकणमातीच्या ऋणभारित कणांना चिकटून बसला असता; काडीला त्याला धरून ठेवण्याची ताकद फारशी नाही. आधी पाणी द्यायचं आणि वापसा आल्यावर, म्हणजे रान पाय ठेवण्याजोगं सुकल्यावर, युरिया फेकायचा, ही नेहमीची सवय म्हणूनच इथे नडते, कारण तेव्हा काडी नेमकी ओली असते. युरिया पाणी देण्याच्या लगेच आधी टाकायचा. युरियाच्या रेणूवर विद्युतभार नसतो, त्यामुळे विघटन होण्याआधीच तो पाण्याबरोबर खाली मुळांपर्यंत उतरतो. पहिलं पाणी पेरणीनंतर एकविसाव्या दिवसाच्या आसपास, मुकुटमुळं फुटताना द्यायचं असतं. युरियाचा पहिला हप्ता त्या पाण्याच्या लगेच आधी.

पालाशची, म्हणजे पोटॅशची गोष्ट सोपी. टनभर पेंढ्यात ते वीस-पंचवीस किलो असतं आणि कुठल्या रेणूत गुंतलेलं नसल्यानं पाण्याबरोबर धुऊन मातीत येतं. पेंढा जाळल्यावरही त्यातलं बरंचसं राखेत उरतं, म्हणून 'राखेनं जमीन सुधारते' या समजुतीत थोडं तथ्य आहे. नत्र मात्र जवळपास सगळं धुरातून जातं.

राहता राहिला बाटलीतला चमत्कार. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या बुरशीच्या कॅप्सूल २०२० पासून गाजल्या. फवारल्यावर वीस-पंचवीस दिवसांत पेंढा मऊ पडतो असं सांगितलं गेलं. बुरशी आपलं काम करते, पण पेरणीसाठी मिळणारी सवड तेवढीच असते, आणि बुरशी कार्बन कितीही फोडो, सोबत नत्र घेऊन येत नाही. 'अमुक फवारा, खत निम्म्यावर आणा' असं कुणी विकत असेल तर नत्र कुठून येणार एवढंच विचारावं.

आपल्याकडे उसाचं पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला वाळका पाला, कुजवण्याची शिफारस बघा: टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू. त्या ८ किलो युरियात पावणेचार किलो नत्र आहे, आणि ते उसासाठी नसून आधी जिवाणूंसाठी आहे. पैसे वाचवायला युरिया गाळून नुसते जिवाणू टाकले, तर तेही नत्र खोडव्याच्याच, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटणाऱ्या पुढच्या पिकाच्या वाट्यातून काढणार.